खातं उघडत नाही? आधी सिम, मग मेल, मग बाकीचं सगळं

गोव्यातल्या फोंड्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. रोज कुणीतरी एकजण 'पासवर्ड विसरलो' म्हणून येतोच. कुणाला रहिवासी दाखल्याचा अर्ज करायचा असतो, कुणाला पीएफ बघायचा असतो, कुणाचं फेसबुक बंद पडलेलं असतं. मी मात्र पासवर्डाचं विचारतच नाही. मी विचारतो, "काका, हे खातं उघडलं तेव्हा कुठला नंबर दिला होता? तो आज चालू आहे?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "तो नंबर बोटीर आसतना गेलो मरे." म्हणजे बोटीवर असताना गेला.

पासवर्ड विसरणं ही फार मोठी गोष्ट नव्हे. तो बदलायला दोन मिनिटं पुरतात. खरं अडतं ते ओटीपी येणारा नंबर हरवल्यावर. आपली ऑनलाईन खाती म्हणजे जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आहे. तळाला सिम, त्यावर मेल, मेलवर फेसबुक, यूट्यूब, डिजिलॉकर, पीएफ आणि बाकी सगळं. लोक वरचं मडकं धरून ओढत बसतात. फेसबुकचा पासवर्ड बदलायला जातात, फेसबुक मेलवर कोड पाठवतं, मेल उघडत नाही, मेल जुन्या नंबरावर कोड पाठवतो, आणि तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या खिशात वाजतो. म्हणून काम तळापासून करायचं. या क्रमाने गेलात तर अर्धा त्रास वाचेल.

सगळ्यात आधी: काही पुसू नका

पहिला नियम ऐकायला साधा आहे, पण तो मोडल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं. फोन रिसेट करू नका. 'फॉरमॅट मारला की सगळं ठीक होतं' असं कुणीतरी सांगतं, माणूस मारतो, आणि मग फोन चालू होताना आधीचंच गूगल खातं मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. खातं उघडत नाही म्हणून रिसेट केलं आणि आता फोनही उघडत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी झालेली माणसं माझ्याकडे येतात. मग फोनचं बिल आणि खोका घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाण्यावाचून मार्ग राहत नाही.

दुसरं, खातं कुठेतरी अजून उघडं आहे का ते शोधा. जुना फोन, मुलाचा टॅब, ऑफिसचा संगणक, टीव्हीवरचं यूट्यूबसुद्धा. जिथे उघडं सापडेल तिथून लॉगआउट करू नका. ते उपकरण चार्जरला लावा आणि इंटरनेट चालू ठेवा. अँड्रॉइड फोनवर खातं उघडं असेल तर सेटिंग्जमधल्या गूगलच्या पानावर सिक्युरिटीत जाऊन पासवर्ड बदलायला सांगा. जुना पासवर्ड विचारला तर 'फरगॉट पासवर्ड' दाबा. बऱ्याचदा फोनचंच स्क्रीन-लॉक विचारून तो नवा पासवर्ड टाकू देतो. काम तिथेच संपतं.

क्रोममध्ये साठवलेले पासवर्डही बघून घ्या. 'सेव्ह पासवर्ड?' असं विचारल्यावर आपण न वाचता 'हो' दाबलेलं असतं, आणि पासवर्ड तिथे तीन वर्षं निवांत पडून असतो. आयफोनवर हीच यादी 'पासवर्ड्स' नावाखाली मिळते.

आणि हो, कॅप्स लॉक चालू राहिलेला नाही ना तेही बघा. हसू नका.

तळाचं मडकं: नंबर

आपल्या गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच आहे, कारण घराघरातला कुणीतरी बोटीवर किंवा आखातात आहे. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा माणूस, कंत्राटावर महिनोन्‌महिने बाहेर असतो. इथलं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं, रिचार्ज संपलेला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे प्रीपेड नंबर सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा यातल्या कशालाच वापरला नाही आणि त्यात २० रुपयेसुद्धा शिल्लक नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढचे निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. म्हणजे हिशेब साधा आहे. लवकर हालचाल केलीत तर नंबर परत मिळण्याची आशा असते, वर्षभराने आलात तर तो नंबर दुसऱ्या कुणाच्या आजीकडे असू शकतो.

सिम हरवलं, फोन चोरीला गेला किंवा सिम खराब झालं असेल तर कंपनीच्या दुकानातून त्याच नंबराचं नवं सिम मिळतं. जाण्याआधी एकच गोष्ट बघा: नंबर कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे घरातली चार सिमं बाबांच्या नावावर असतात. सिम ज्याच्या नावावर, त्यानेच ओळखपत्र घेऊन जायचं. मुलगा आधार घेऊन गेला आणि नंबर वडिलांच्या नावावर निघाला, तर म्हापशाची फेरी फुकट. तुमच्या नावावर किती आणि कुठले नंबर आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं. हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं, आता त्याचं ॲपही आहे. फोन चोरीला गेला असेल तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून तिथूनच तो फोन ब्लॉकही करता येतो.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगायला विसरतो आणि गिऱ्हाईक रात्रभर जागतं. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. दुसऱ्याने लबाडीने तुमचं सिम काढून लगेच बँक रिकामी करू नये म्हणून दूरसंचार विभागाने घातलेली ही अट आहे. तेव्हा सिम संध्याकाळी चारला सुरू झालं तर ओटीपीची वाट दुसऱ्या दिवशी चारनंतरच बघा. मध्ये वीसदा 'रिसेंड' दाबलंत तर समोरची कंपनी तुम्हालाच काही काळ अडवून ठेवेल. तसंच, सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.

नंबर दुसऱ्याकडे गेलाच असेल तर त्याला फोन करून 'तुला आलेला ओटीपी सांग' असं म्हणू नका. शहाणा माणूस सांगणार नाही, सांगूही नये. त्या नंबराचा नाद सोडा आणि तो जिथे जिथे दिला होता त्याची यादी करायला बसा. बँक सगळ्यात वर, कारण जुन्या नंबरावर अजून तुमच्या खात्याचे मेसेज जात असतात. शाखेत जाऊन लेखी अर्ज करा, पोच घ्या.

जीमेल

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीची निम्मी खाती याच दारातून उघडतात.

मोफत जीमेलसाठी 'फोन करा आणि खातं परत घ्या' अशी सोय गूगलने ठेवलेली नाही. गूगलवर 'जीमेल कस्टमर केअर' शोधल्यावर जे नंबर दिसतात त्यावर फोन करणाऱ्यांना पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. 'स्क्रीन बघायचं ॲप टाका' म्हणतात आणि मग बँकेचंच ॲप उघडायला लावतात. खातं परत मिळवायचा रस्ता एकच: साइन-इनच्या पानावर मेलचा पत्ता टाकायचा आणि 'फरगॉट पासवर्ड' दाबायचं. पत्ताच आठवत नसेल तर त्याच पानावर 'फरगॉट ईमेल' आहे. तिथे रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला, नंबर किंवा दुसरा मेल आणि खात्यावरचं पूर्ण नाव मागतात.

पूर्ण नाव म्हटल्यावर गोंयकाराची खरी परीक्षा सुरू होते. नाईक हे आडनाव इंग्रजीत 'के'ने संपवायचं की पोर्तुगीज वळणाने 'क्यू-यू-ई'ने? देसाईत 'एस' एक की दोन? शिरोडकर 'एस-एच'ने सुरू होतो की 'एक्स'ने? बोरकर 'के'चा की 'सी'चा? आजोबांच्या विक्रीखतात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि खातं उघडताना पोराने टाकलेलं चौथंच. तेव्हा एका कागदावर सगळी स्पेलिंगं लिहून काढा आणि एकेक करून बघा. गावाच्या नावाचंही तेच. काही जुन्या साईट अजून 'तुमचा जन्म कुठे झाला' असा प्रश्न विचारतात आणि तुम्ही 'पणजी' टाकता, पण वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं असतं 'पंजिम'. डिचोली आणि बिचोलिम, साखळी आणि सॅन्क्वेलिम, म्हापसा आणि मापुसा, पेडणे आणि पेर्नेम: गाव तेच, पण यंत्राला ते कळत नाही. मेलच्या पत्त्यातले टिंब मात्र जीमेलमध्ये मोजले जात नाहीत, त्यामुळे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब होतं की नव्हतं यावर डोकं खपवू नका.

आता प्रत्यक्ष प्रयत्न. तो माझ्या दुकानात बसून करू नका. हे सांगणं माझ्या धंद्याच्या मुळावर येतं, तरी सांगतो. गूगल बघतं की प्रयत्न कुठून होतो आहे. नेहमीचा फोन, नेहमीचा ब्राउझर, नेहमीची जागा असेल तर विश्वास वाढतो. दुकानातल्या संगणकावर तुम्ही त्याला परके वाटता. घरी जा, घरच्या वायफायवर बसा, ज्या फोनवर तो मेल पूर्वी चालायचा तोच घ्या. व्हीपीएन, म्हणजे आपली जागा लपवणारं ॲप, चालू असेल तर बंद करा. बोटीवरच्या उपग्रहाच्या इंटरनेटवरून खातं परत मिळवायला बसलेल्यांची दमछाक होते ती याचमुळे. सुट्टीवर घरी आल्यावर तेच काम जास्त सुरळीत होतं.

मग गूगल एकेक प्रश्न विचारत जाईल. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर शेवटचाच हवा असं नाही, त्याआधीचा जुना आठवत असेल तर तो टाका. प्रश्न वगळून पुढे जाण्यापेक्षा अंदाजाने का होईना उत्तर द्या. चुकीच्या अंदाजाने तुम्हाला हाकलून लावत नाहीत. पूर्वी वापरलेल्या एखाद्या उपकरणावर 'तुम्हीच आहात का' असा संदेश पाठवतो, तेव्हा ते उपकरण हाताशी असायला हवं. कोड दुसऱ्या मेलवर गेला आणि दिसत नसेल तर तिथला स्पॅम बघा.

कधीकधी सगळं बरोबर देऊनही तो लगेच दार उघडत नाही. काही तास किंवा काही दिवस थांबा म्हणतो. हे थांबणं तुमच्या भल्यासाठी असतं: त्या काळात खऱ्या मालकाला सूचना जाते, चोर असेल तर पकडला जातो. बहुतेक लोक इथेच घोटाळा करतात, धीर सुटतो आणि दर तासाला नवा प्रयत्न सुरू होतो. माझा अनुभव सांगतो की घाईत दहादा ठोठावण्यापेक्षा, कागदावर नीट तयारी करून दोन-तीन दिवसांच्या अंतराने केलेले प्रयत्न जास्त लागू पडतात.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा: खातं शेवटचं कधी वापरलं होतं? सलग २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक गूगल खाती काढून टाकण्याचं धोरण आहे आणि डिसेंबर २०२३ पासून ते अमलात आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकलेली खाती त्यातून वगळली आहेत. २०१५ साली कॉलेजात उघडून विसरलेला मेल असेल तर तो कदाचित उरलेलाच नसेल.

ॲपलचं खातं असेल तर तिथेही थांबण्याचा काळ असतो, तो कित्येक दिवसांचा असू शकतो, आणि तो कमी करणं त्यांच्या माणसालाही जमत नाही. मायक्रोसॉफ्टचा एक फॉर्म आहे, दिवसातून दोनदाच भरता येतो, आणि खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डाशिवाय आणखी एक पुरावा मागणारी) चालू असेल तर तो चालत नाही. तो भरताना जुन्या मेलांचे विषय, पाठवलेल्यांचे पत्ते आठवून लिहावे लागतात, म्हणून ज्यांना नेहमी मेल करायचात त्यांना आधी फोन करा.

व्हॉट्सॲप

नंबर परत आला की व्हॉट्सॲपही आलंच समजा. नव्या फोनवर टाका, सहा अंकी कोड येईल, तो टाकला की जुन्या फोनवरचं आपोआप बंद होतं. अडचण येते ती दोन टप्प्यांच्या पिनची. कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून सहा अंकी पिन लावून ठेवलेला असतो आणि विसरलेला असतो. लावताना मेल दिला असेल तर त्यावर पिन बदलायची लिंक येते. नसेल तर ७ दिवस थांबायचं, मग पिन नव्याने ठेवता येतो. तुमच्या नंबरावर चोराने पिन लावला असेल तरी हेच. पण तुम्ही एसएमएसने आलेला सहा अंकी कोड टाकताक्षणी चोर बाहेर पडतो, त्यामुळे त्या सात दिवसांत त्याला तुमच्या नावाने पैसे मागता येत नाहीत.

जुनं बोलणं परत हवं असेल तर अँड्रॉइडवर ते गूगल खात्यात साठवलेलं असतं. म्हणूनच मेल आधी, व्हॉट्सॲप नंतर. घाईत हा बॅकअप परत न आणता पुढे गेलात तर बारशाचे फोटो पुन्हा सहजी हाती लागत नाहीत. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल आणि तो विसरला असाल तर तो बॅकअप उघडायला दुसरा मार्ग नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम

मेल हातात आला असेल तर इथे सांगण्यासारखं फारसं उरत नाही. लॉगिनच्या पानावर पासवर्ड विसरल्याचं दाबा, मेलवर कोड येईल. खातंच सापडत नसेल तर भावाला किंवा मैत्रिणीला तिच्या फोनवर तुमचं प्रोफाइल उघडून त्याची लिंक पाठवायला सांगा. लिंकमध्ये जे नाव असतं ते शोधण्याच्या चौकटीत टाका. एकाच माणसाची चार खाती असल्याचा शोध कित्येकांना या टप्प्यावर लागतो.

इन्स्टाग्रामवर तुमचा चेहरा असलेले फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फी मागतात: मान इकडे वळवा, तिकडे वळवा. उजेडात उभं राहून करा, ट्यूबलाईटखाली पाठमोरं नको. दुकानाचं किंवा होमस्टेचं पान असेल आणि त्यावर नुसते माशांचे आणि समुद्राचे फोटो असतील तर चेहऱ्याने ओळख पटणार नाही. मग खातं उघडताना दिलेला मेल किंवा नंबर आणि तेव्हाचा फोन कुठल्या प्रकारचा होता असले प्रश्न येतात.

कंपनी दाद देत नसेल तर आपल्या देशात एक रस्ता आहे, तो कमी लोकांना माहीत असतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे मोठ्या समाजमाध्यमांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. हे काम पूर्ण ऑनलाईन आहे, वकील लागत नाही.

सरकारी खाती

यांचं एक बरं असतं. इथे तुम्ही कोण आहात हे कागदावर सिद्ध करता येतं. आयकराच्या पोर्टलवर युजर आयडी म्हणजे तुमचा पॅन, तेव्हा तो विसरण्याचा प्रश्नच नाही. पासवर्ड आधारच्या ओटीपीने किंवा नेट बँकिंगमधून बदलता येतो. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा क्रमांक, १२ अंकी असतो आणि पगाराच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. कंपनी सोडताना ती चिठ्ठी फेकू नका. डिजिलॉकरचा सहा अंकी पिन विसरलात तर तोही आधारला जोडलेल्या नंबरावर येणाऱ्या ओटीपीने बदलतो.

म्हणजे फिरून गाडी आधारला कुठला नंबर जोडलेला आहे यावरच येते. तो जुना असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधी तो बदला, मग बाकीच्या दारांवर जा. माहितीसाठी १९४७ या क्रमांकावर फोन करता येतो. ई-आधारची उतरवलेली फाईल उघडत नाही म्हणून घाबरून येणारेही पुष्कळ. तिचा पासवर्ड ठरलेला आहे: आधारवरच्या नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. इथेही आधारवरचंच स्पेलिंग.

गोवा ऑनलाईनसारख्या राज्याच्या पोर्टलवर जुनं खातं सापडलं नाही की लोक नवं उघडतात, आणि मग आधी भरलेला अर्ज, भरलेली फी आणि पोच जुन्या खात्यातच अडकून राहते. अर्ज आधीच भरलेला असेल तर नवं खातं उघडण्याआधी पोचपावतीचा क्रमांक घेऊन संबंधित मामलेदार कचेरीत विचारा.

बँकेचं मी दुकानात करत नाही. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करा, नाहीतर सरळ शाखेत जा.

विसरलं नसून चोरलं असेल तर

काल चालणारा पासवर्ड आज चालत नाही, मेलवर 'तुमचा नंबर बदलला' असा संदेश आला आहे, मित्रांना तुमच्या नावाने पैशाची मागणी गेली आहे, ही चोरीची लक्षणं. इथे सावकाशीचा सल्ला मी मागे घेतो. घाई करा.

नंबर किंवा मेल बदलल्याची सूचना आली असेल तर फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेलमध्ये 'हे मी केलं नाही' अशा अर्थाची लिंक असते. पण मेल खरंच त्यांचाच आहे ना हे पाठवणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यावरून बघा. गूगल खात्याचा रिकव्हरी नंबर चोराने बदलला तरी त्यानंतर ७ दिवस गूगल तुमच्या जुन्या नंबरावर कोड घेण्याचा पर्याय देऊ शकतं. ते सात दिवस वाया घालवू नका.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. जाताना स्क्रीनशॉट छापून न्या, तारीख-वेळ दिसेल असे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

'अमक्याने माझं खातं दोन तासांत परत मिळवून दिलं, त्याला मेसेज करा' असं सांगणारी मंडळी इंटरनेटवर जागोजागी असतात. अमका आणि सांगणारा एकच असतो.

परत मिळाल्यावर

आमच्या गावच्या जत्रेला नाटक होतं. त्याचे आणि भजनांचे व्हिडिओ मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत. चॅनेल वाड्यावरच्या एका मुलाने उघडला, तो बोटीवर गेला, नंबर बंद पडला, आणि रिकव्हरीसाठी दिलेला मेल होता कॉलेजचा, जो पास झाल्यावर बंद झाला. व्हॉट्सॲपवर त्याला विचारलं तर म्हणाला, पासवर्ड आठवत नाही, बघा तुम्ही. आम्ही आठवडाभर माझ्या दुकानातून खटपट केली. वर लिहिलेला 'घरी जा' हा सल्ला तेव्हा मलाच माहीत नव्हता. शेवटी त्याच्या आईने कपाटातून एक टॅब काढला. त्यावर ती पूर्वी भजनं ऐकायची, चार्जिंग धरत नाही म्हणून भंगारात द्यायला ठेवला होता. चार्जरला लावूनच ठेवला, घरच्या वायफायला जोडला, फोनवरून 'फरगॉट पासवर्ड' केलं, आणि टॅबवर 'तुम्हीच आहात का' आलं. त्याच्या आईने 'हो' दाबलं.

त्यानंतर जे केलं तेच तुम्हीही करा. पासवर्ड नवा ठेवला, बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढलं. जीमेलच्या सेटिंगमध्ये मेल दुसरीकडे आपोआप पाठवण्याची सोय कुणी लावून ठेवलेली नाही ना ते पाहिलं, कारण चोर गेला तरी ही नळी मागे राहते. रिकव्हरी नंबर इथेच राहणाऱ्या माणसाचा दिला, बोटीवरच्या नव्हे. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये परमिशन्सखाली आणखी दोघांना त्यांच्या-त्यांच्या मेलने व्यवस्थापक केलं, म्हणजे पासवर्ड वाटत फिरायला नको.

फोनवर कोड येत नसेल तेव्हा वापरायला गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून मंडळाच्या वहीच्या मागच्या पानावर चिकटवले आहेत. पासवर्ड वहीत लिहू नये असं तज्ज्ञ सांगतात. कपाटात कुलपाखाली ठेवलेल्या वहीला माझी हरकत नाही. फोंड्यातल्या कपाटातली वही चोरायला कुठला परदेशी हॅकर येतो? कोड वापरला की त्यावर खजिनदार लाल पेनाने रेघ मारतो आणि बाजूला तारीख घालतो. आत्तापर्यंत दोन रेघा पडल्या आहेत.